नऊ नंबरच्या ग्रीनवरचा वेज

दाजी,

परवा क्लबाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. पेन्शनच्या फॉर्मसाठी काढलेला तुझा तो फोटो मोठा करून लावला होता. नुकतंच पाणी दिलेल्या गवतावरून कुणीतरी सायकल नेल्यासारखा बघतोयस त्यात. मेंबर बोलले, नवे सेक्रेटरी बोलले. दाजींनी या क्लबाला हिरवं केलं, असं प्रत्येक जण म्हणाला. मग मला म्हणाले, "मंगल, तुम्ही बोला ना दोन शब्द." मी उभी राहिले, हात जोडले आणि खाली बसले.

काय बोलणार होते? तुझ्याबद्दल बोलायचं तर तू माझ्या हातातून काठी हिसकावून घेतलीस तिथपासून सुरू करावं लागतं, आणि मग त्या गेटवरच्या सात महिन्यांपर्यंत जावंच लागतं. हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं ते. म्हणून इथे लिहितेय. नववी पास बाईचं लिहिणं आहे, सांभाळून घे.

तुला सगळे "तुम्ही" म्हणायचे. मी पहिल्याच दिवशी "तू" म्हटलं होतं. भांडुपच्या खाडीकडची कोळीण मी, आमच्यात बापाला तू आणि देवालाही तूच. खाडीत मासळी उरली नाही, आईची पाटी बंद झाली, म्हणून मी मुलुंडला डोंगराखालच्या या गोल्फ क्लबात रोजावर निंदायला आले. आम्ही सहा बायका, हातात खुरपी. तू ग्रीनचा मुकादम. मी विचारलं, "ग्रीन म्हणजे काय रे? सगळंच तर हिरवं आहे." बाकीच्या बायकांनी जीभ चावली. तू मात्र उकिडवा बसलास आणि मला दाखवलंस. ते बाहेरचं गवत. हे होलभोवतीचं, चटईसारखं कापलेलं, ही ग्रीन. इथे बॉल उडवायचा नाही, पटर नावाच्या सपाट तोंडाच्या काठीने नुसता ढकलायचा. नऊ होल, नऊ ग्रीन.

"आणि ह्या गवात म्हणजे हरळी," तू म्हणालास. "आपण गणपतीक वाहतो ती दूर्वा ह्याच घराण्यातली. तेव्हा खुरपा जपान चालव, चेडवा."

तेव्हापासून मी तुझी चेडवा, म्हणजे पोरगी, झाले. सव्वीस वर्षांची बाई, पदरात एक पोर, आणि चेडवा!

आता काठीचं सांगते. एका मेंबरने रागाच्या भरात वेज नाल्यात भिरकावला होता. वेज म्हणजे तिरक्या तोंडाची लोखंडी काठी, वाळूतून किंवा उंच गवतातून बॉल उचलून काढायची. मला ती गाळात सापडली. मी ऑफिसात जमा केली. तीन महिने कुणी आलं नाही न्यायला. कॅडी मास्टर शंकर, मेंबरांच्या बॅगा उचलणाऱ्या कॅडींना कामं वाटून देणारा, तो म्हणाला, "घेऊन जा गं, घरी कपडे वाळत घालायला होईल." मी घरी नेली नाही. काम सुटलं की रोपवाटिकेच्या मागे जायचे आणि टाकून दिलेले बॉल घमेल्यात पाडायचा प्रयत्न करायचे. का, ते विचारू नकोस. दिवसभर वाकून बसलेलं अंग सरळ करून काहीतरी लांब फेकावं, एवढंच सुरुवातीला वाटलं असेल.

मग मला होलात टाकायची हाव सुटली. घमेल्यात पडण्यात ती मजा नाही. पण पटर कुठून आणणार? माझ्याकडे एकच काठी. मग मी वेजच्या खालच्या धारेने बॉलच्या बरोबर पोटावर टिचकी मारायला शिकले. असं मारलं की बॉल उडत नाही, सरळ घरंगळत जातो, पटरने ढकलल्यासारखा. सोमवारी क्लबाला सुट्टी. तशा एका सोमवारी मी नऊ नंबरच्या ग्रीनवर गेले, चार बॉल ठेवले, दोन होलात घातले आणि तिसऱ्याला मागून हात आला. काठी गेली.

"ग्रीनवर लोखंड?" तुझा आवाज फाटला होता. "ह्या काय तवो खरवडूचा काम हा?"

"लागली का कुठे? दाखव. एक पात तुटली असेल तर दाखव."

"आज नाय लागली. उद्या लागात."

"उद्याचं उद्या बघू."

"उद्याचा बघूकच माका ठेवलेला हा हय."

क्लबात येण्याआधी तू गिरणीत होतास, तिथल्या साच्यांच्या आवाजाने तुझा डावा कान गेलेला, त्यामुळे तू भांडताना उजवा कान पुढे करायचास. समोरच्याला वाटावं, बाबा किती लक्षपूर्वक ऐकून घेतोय! ऐकत काहीच नव्हतास. काठी घेऊन तू निघून गेलास, आणि मी त्या दिवशी तुला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कोळीवाड्यातलं होतं.

दुसऱ्या दिवशी काम सुटताना तू मला रोपवाटिकेत बोलावलंस. ग्रीनवर कुठे गवत मेलं तर ठिगळ लावायला म्हणून तू तिथे बाजूला एक तुकडा वाढवायचास, पाच पावलं लांब, पाच पावलं रुंद. त्याच्या मधोमध तू दुधाच्या पावडरचा डबा पुरला होतास, तोंड वर. माझा वेज त्याला टेकवून ठेवलेला.

"हय मार. हयल्या गवताक लागला तर मी काय बोलूचंय नाय."

दाजी, तुझ्या घरी एवढी वर्षं आलेगेले, पण त्या डब्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. आज मानते. दीड वर्ष मी त्या तुकड्यावर संध्याकाळी अर्धा तास काढला. मी टिचकी मारली की तू येऊन त्या जागेवरून बोटं फिरवायचास. पात दुखावली असेल तर नुसता माझ्याकडे बघायचास, आणि ते बघणं शिव्यांपेक्षा वाईट. हळूहळू मला कळायला लागलं की हात कुठे थांबवायचा. बॉल उचलून पलीकडे टाकायलाही मी तिथेच शिकले. तेही असं की गवताला धार चाटून जावी, चावू नये. चाटून आणि चावून, हे शब्द तुझेच.

वाद मात्र संपला नाही. तू म्हणायचास, ज्याचं काम त्याने करावं, ग्रीनवर पटर. मी म्हणायचे, हाताला जे जमतं तेच खरं हत्यार. तू म्हणायचास, कोयत्याने दाढी जमली म्हणून कुणी करतं का? मी म्हणायचे, तुझी तर तशीच दिसते. मग तू हसायचास. खालचे दोन दात नव्हते, म्हणून हात तोंडावर धरून.

होळीनंतर स्टाफची मॅच असायची. कॅडी, माळी, किचनवाले, सगळे खेळायचे. बाई कधी खेळली नव्हती. माझं नाव तू घातलंस आणि मला नंतर सांगितलंस. शंकरने स्वतःचा जुना पटर मला वापरायला दिला, हेही खरं. मी तो आठ होलपर्यंत नीट वापरला. सगळ्यांना वाटलं होतं, बाई तिसऱ्या होलला दमेल. ज्याचे फटके कमी तो जिंकतो, आणि आठ होल झाले तेव्हा शंकर आणि मी बरोबरीत होतो.

नऊ नंबरची ग्रीन काजूच्या गरासारखी वाकडी. तिथे जमिनीखाली मोठा कातळ, तो फुटेना, म्हणून तू ग्रीनच त्याच्या भोवतीने वळवलीस आणि पोटाच्या खोलगटात वाळूचा खड्डा, म्हणजे बंकर, केलास. माझा बॉल काजूच्या एका टोकाला पडला. होलातला झेंडा दुसऱ्या टोकाला. मध्ये बंकर. पटरने सरळ ढकलला तर वाळूत. वळवून नेला तर पंधरा पावलं अलीकडेच राहणार. मी पटर खाली ठेवला आणि पिशवीतून वेज काढला.

"ए! ए बाई!" तेव्हाचे सेक्रेटरी खुर्चीवरून उठले. "ग्रीनवर वेज? ठेव खाली!"

पंच म्हणून एक निवृत्त साहेब बसले होते, मेंबरांमधले सगळ्यात जुने. त्यांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा शोधला, सावकाश पानं उलटली. आम्ही सगळे उभे. शेवटी म्हणाले, "नियमात मनाई नाही. ग्रीनवर कुठलीही काठी वापरता येते."

"नियम असू दे," सेक्रेटरी म्हणाले. "बोर्डावर माझी नोटीस आहे. ग्रीनला खड्डा पाडणाऱ्या स्टाफला त्याच दिवशी कामावरून कमी करणार. मेंबरांसाठी आहे ही ग्रीन."

घरात कमावणारी मी एकटी. वेज परत ठेवावा, पटर घ्यावा, हरावं आणि घरी जावं, असं मी ठरवलंही होतं. तेवढ्यात तू जांभळीच्या सावलीतून बाहेर आलास. साहेबलोकांशी बोलताना तू मालवणी बाजूला ठेवायचास, शाळेतल्या मुलासारखा एकेक शब्द नीट मांडायचास.

"साहेब, ही ग्रीन माझी आहे. खड्डा पडला तर माझं नाव लिहा. तिचं नको."

"दाजी, विचार करून बोला."

"केला."

मग माझ्याकडे वळलास. "मार गो, चेडवा."

दीड वर्ष ज्या गोष्टीवरून तू माझ्याशी भांडलास, तीच करायला सांगत होतास, तीही तुझ्या सगळ्यात लाडक्या ग्रीनवर. मी मारला. बॉल उठला, बंकरच्या वरून गेला, पलीकडे टेकला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. कॅडी ओरडले, टाळ्या वाजल्या. मी खाली बघितलं. धार चाटून गेली नव्हती. चावली होती. पेरूच्या पानाएवढा तुकडा उचकटून बाजूला पडला होता.

तू आलास, गुडघ्यावर बसलास, तो तुकडा जागेवर बसवलास, चारी बाजूंनी अंगठ्याने दाबलास. मी रडायच्या बेतात होते. तू वरही न बघता म्हणालास, "गवात हा. येतला."

मॅच बरोबरीत सुटली. पुढच्या फटक्यात मी बॉल होलात घातला, पण त्या ग्रीनवर शंकरनेही दोनातच घातला. कप त्याच्या घरी गेला, कारण त्याच्याकडे काचेचं कपाट होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुला गेटवर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायला. बावीस वर्षं ज्याने गवत वाढवलं, त्याला गवताकडे पाठ करून बसवलं. ग्रीनचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिलं.

पहिले काही दिवस मी गेटवरून मान खाली घालून जायचे. मग एकदा तूच हाक मारलीस. मला वाटलं, आता बोलशील. तू विचारलंस, "पाच नंबराक पाणी कधी देतत?"

"संध्याकाळी."

"संध्याकाळी!" कपाळावर हात मारून घेतलास. "रातभर ओला रवात. बुरशी येतली बघ."

गणपतीनंतर आलीच. आधी पाच नंबरवर, मग नऊवर. रुपयाच्या नाण्याएवढे पिवळे डाग, आठ दिवसांत ताटाएवढे. कंत्राटदार फवारणीवर फवारणी करत होता आणि डाग पसरत होते. मी डब्याच्या झाकणात त्या गवताचा एक चिमटा घेऊन गेटवर आले. तू तो हातावर घेतलास, चुरगाळलास, वास घेतलास. मग म्हणालास ते मी अंगावरच्या शर्टाच्या बाहीवर तुझ्याच पेनाने लिहून घेतलं, गेटच्या वहीतलं पान फाडायची सोय नव्हती म्हणून. पाणी पहाटे द्यायचं. दव बांबूच्या लांब काठीने झाडून टाकायचं. काट्याने भोकं पाडून बारीक वाळू भरायची. कापणी चार दिवस बंद.

कंत्राटदाराची माणसं नऊला यायची. आम्ही सहाजणी सहालाच यायला लागलो. रोज मी झाकणात गवत आणायचे, रोज तू वास घ्यायचास, रोज एक नवी गोष्ट सांगायचास. मुळं पांढरी म्हणजे जिवंत. वास आंबूस म्हणजे पाणी जास्त. मला तेव्हा वाटत होतं की आपण ग्रीन वाचवतोय. तू त्या खुर्चीत बसून मला मुकादम करत होतास, हे कळायला पुढे किती वर्षं गेली!

महिन्याभरात ग्रीन भरली. सेक्रेटरींनी कंत्राटदाराची पाठ थोपटली. पण ते निवृत्त साहेब रोज पहाटे फिरायला यायचे, त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी मीटिंगमध्ये काय सांगितलं मला माहीत नाही. दिवाळीच्या आधी गेटवरची तुझी खुर्ची रिकामी होती आणि तू नऊ नंबरवर उकिडवा बसून बोटं फिरवत होतास. मी धावत आले. तू म्हणालास, "वाळू जास्त घातलंस." बस. एवढंच.

सात महिन्यांबद्दल तू पुढे कधी एक शब्द काढला नाहीस. मीही नाही. "दाजी, तू का रे केलंस असं?" हे विचारायला माझ्याकडे वीस वर्षं होती. दर वेळी वाटायचं, विचारलं की तुला अवघडल्यासारखं होईल, आणि उत्तर ऐकून मला रडू येईल, मग तू म्हणशील, गवतावर खारं पाणी पाडू नको. म्हणून राहिलं.

वादाचं मात्र तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस. निवृत्त झाल्यावरही फोनवर तेच. मागच्या महिन्यात तुला ऑक्सिजन लावला होता, गिरणीतल्या कापसाने छातीचं जे करायचं ते करून ठेवलं होतं, तरी तू नळी बाजूला करून मला म्हणालास, "पटरान पण झाला असता."

"कसा झाला असता? मध्ये बंकर होता."

"दोन हात उजवीकडं मारूचा. थय मी उतार ठेवललंय. काजूच्या पाठीवरना फिरवून आणता तो बॉलाक."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा तू इचारलंस खय?"

खरं असेल का रे हे? ती ग्रीन तू बांधलीस, तिचा उतार तुझ्याइतका कुणाला ठाऊक? मी मुकादम आहे, पटर माझ्या कपाटात आहे, कुठल्याही संध्याकाळी जाऊन एक बॉल मारून बघू शकते. अजून गेले नाही. बॉल वळून झेंड्याजवळ आला, तर तू तुझी सात महिन्यांची शिक्षा माझ्या हट्टापायी ओढवून घेतलीस असं होईल. नाही आला, तर तू शेवटच्या भेटीत मला चिडवायला थाप मारलीस असं होईल. मला दोन्ही पटतं. वाद राहू दे तसाच. कुणाशी तरी भांडण बाकी असावं माणसाचं.

काकीचं सांगायचं राहिलं. तुझ्या तेराव्याला मी घाटकोपरला गेले होते, तुझ्या त्या डोंगरावरच्या खोलीत. माणसं पांगल्यावर काकी मला म्हणाली, "ह्ये खय जायत होते, ता माका एकदा दाखव." मला आधी समजलंच नाही. मग समजलं. चौतीस वर्षं तू इथे काम केलंस आणि तुझ्या बायकोने हे गवत पाहिलंच नव्हतं. स्टाफच्या घरच्यांना आत यायची परवानगी नव्हती, आणि तू मागणाऱ्यातला नव्हतास.

काल मी तिला रिक्षाने घेऊन आले. गेटवरच्या माणसाने वहीत लिहायला नाव विचारलं, मी म्हटलं, लिही, दाजींच्या घरून. नऊ नंबरपर्यंत ती हळूहळू चालत आली. ग्रीनच्या कडेला थांबली. मी तिला हाताला धरून वर नेलं. तिने वाकून तळहात टेकवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

"ह्या ह्येंनी केल्यानी?"

"हो, काकी. सगळं."

"घरात एक तुळस जगली नाय ह्येंच्या हातान," ती म्हणाली. "दोनदा मेली. मी म्हणा होतंय, तुमच्या हाताक गुण नाय."

आणि ती तिथेच बसली, नऊवारीचा घोळ सावरत, काजूच्या बरोबर मधोमध. आधी हसली, मग रडली, मग नुसती बसून राहिली. मागे खालच्या गवतावर चार मेंबर काठ्या घेऊन खोळंबले होते. त्यांना ग्रीन मोकळी हवी होती. एकाने आवाज दिला, "मंगल, कोण आहे तिकडे? किती वेळ?"

मी हात वर केला आणि त्यांना थांबवलं. काकी उठेपर्यंत मी तो हात खाली घेतला नाही.